भीतीची पावती

मराठीत 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' अशी म्हण आहे आणि 'रात्र वैऱ्याची आहे' असा इशाराही आहे. म्हण घाबरणाऱ्याला हसते, इशारा झोपलेल्याला उठवतो. आपल्या राजकीय चर्चेत मात्र सध्या म्हणीचंच राज्य चाललं आहे. जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला, महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीकडे गेल्या, भाजप ९ वर थांबला, आणि 'फेक नॅरेटिव्ह' हा शब्द बघता बघता टपरीवरच्या चहापर्यंत पोचला. विरोधकांनी संविधान बदलणार म्हणून भीती घातली, लोक भ्याले, मतं फिरली. झालं विश्लेषण. सीमेपलीकडच्या बीदर आणि गुलबर्ग्यातही तेव्हा काँग्रेस जिंकली होती, म्हणून तोच काढा तिथल्या रोग्यालाही पाजण्यात आला.

मी उदगीरचा. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा म्हणून बीदर लिहिलेलं आहे, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदरचेच तालुके होते. राज्यपुनर्रचनेत आम्ही मुंबई राज्यात आलो. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. आत्या भालकीला दिलेली. त्यामुळे तिकडची माणसं घाबरून मतं देतात असं कुणी म्हटलं की ते मला घरच्यांबद्दलचं बोलणं वाटतं. हा पक्षपात आधीच सांगून टाकलेला बरा.

शास्त्रार्थाची रीत अशी, की आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि तो प्रतिपक्षालाही मांडता आला नसता इतक्या ताकदीनं मांडायचा. गुलबर्गा जिल्ह्यातलं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. तिथे आजही ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं ते टीकाचार्य जयतीर्थ मूळचे आपल्या मंगळवेढ्याकडचे मानतात. त्या मुलुखाबद्दल लिहायचं तर एवढी शिस्त पाळायलाच हवी.

तर पूर्वपक्ष असा. विरोधी पक्षाकडे तिजोरी नसते, उद्घाटनाची फीत नसते. दाखवायला काम नाही म्हणून तो भय दाखवतो. भय स्वस्त असतं. रस्ता बांधायला तीन वर्षं लागतात, आवई उठवायला एक सभा पुरते. ती खोटी होती हे निकालानंतर कळतं, तोवर काम होऊन गेलेलं असतं. ती सगळ्यांत आधी लागते कमी शिकलेल्याला, गरिबाला, अल्पसंख्याला. म्हणजे मागास जिल्ह्यांना. आणि भीतीवर मत मिळतं हे एकदा कळलं की कार्यक्रमाची, युक्तिवादाची गरज उरत नाही, सार्वजनिक चर्चा खालावते. म्हणून भयाचा प्रचार हा विरोधकांचा रोग, आणि सकारात्मक प्रचार हा त्यावरचा उतारा.

चर्चा खालावते, हे मला मान्य आहे. बाकीचं नाही.

रोग विरोधकांचा, हे आधी तपासू. मार्च २०२३ मध्ये कर्नाटकात भाजपचं राज्य होतं, दिल्लीतही. २६ तारखेला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा बसवकल्याण तालुक्यातल्या गोरट्याला आले. या गावात मे १९४८ मध्ये रझाकारांनी दोनशेच्या आसपास माणसं मारली असं सांगतात. तिथल्या हुतात्मा स्मारकाचं आणि सरदार पटेलांच्या पुतळ्याचं लोकार्पण झालं. स्मारक व्हायलाच हवं होतं. उलट पाऊणशे वर्षं त्या गावाकडे कुणी नीट पाहिलं नाही हीच लाज. पण त्यानंतर तीनच दिवसांनी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आणि एप्रिलमध्ये तेरदाळच्या सभेत तेच गृहमंत्री म्हणाले, की काँग्रेस आली तर राज्यात दंगली होतील. विरोधी पक्षाचा वक्ता असं म्हणाला तर ती शंका असते. देशाचं गृहखातं ज्याच्या हातात आहे तो म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यानं ते काय म्हणून घ्यावं?

पुढचा दाखला आपल्याच महाराष्ट्रातला. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी अचलपूरच्या सभेत योगी आदित्यनाथांनी मल्लिकार्जुन खर्ग्यांना त्यांच्या जळालेल्या घराची आठवण करून दिली. खर्गे भालकी तालुक्यातल्या वरवट्टीचे. १९४८ साली रझाकारांनी लावलेल्या आगीत त्यांची आई आणि बहीण गेली, वडिलांबरोबर ते वाचले, आणि कुटुंब गुलबर्ग्याला आलं. भाषणाचा रोख उघड होता: ज्यांनी तुमचं घर जाळलं त्यांच्याबद्दल तुम्ही गप्प का? खर्ग्यांचे पुत्र प्रियांक यांनी उत्तर दिलं, की ते रझाकारांनी केलं, साऱ्या मुस्लिम समाजानं नाही, आणि वडिलांनी या दुःखाचं कधी राजकारण केलं नाही. जरा नीट पाहा. ज्याचं घर जळलं तो विरोधी पक्षाचा अध्यक्ष, आणि त्याच्या घरची आग मतदाराला दाखवणारा एका राज्याचा मुख्यमंत्री. भीती विरोधकांच्या दुकानात मिळते, असं म्हणणाऱ्यांनी समोरच्या मोठ्या दुकानाची पाटीही वाचावी.

आता दुसरा मुद्दा, भीती हमखास चालते हा. त्याला १९७७ विचारावं. त्या वर्षी विरोधकांच्या हातात होती तितकी खरी भीती भारताच्या निवडणुकीत त्यांना पुन्हा कधी मिळाली नाही. आणीबाणीचे एकवीस महिने लोकांनी अंगावर काढले होते. तुरुंग, सेन्सॉर, सक्तीची नसबंदी, यातलं काहीच रचलेलं नव्हतं. उत्तरेत काँग्रेस पुसली गेली. महाराष्ट्रात ती ४८ पैकी २० जागांवर आली. आमच्या लातूरमधून शेतकरी कामगार पक्षाचे उद्धवराव पाटील लोकसभेवर गेले, शेजारच्या नांदेडमधून केशवराव धोंडगे. आणि सीमेच्या पलीकडे? कर्नाटकानं २८ पैकी २६ जागा काँग्रेसला दिल्या. त्यांत बीदरही होतं आणि गुलबर्गाही.

त्याच्या एकवीस वर्षं आधी जी माणसं एकाच जिल्ह्यात होती, त्याहून आधी एकाच निजामाला सारा भरत होती, एकमेकांत सोयरीक करत होती, त्यांतल्या अर्ध्यांना तीच भीती पटली आणि अर्ध्यांना पटली नाही. हे अडाणीपणानं समजावता येत नाही. शिक्षण दोन्हीकडे सारखंच तुटपुंजं होतं. भीती मुळात किती खरी, यानंही पूर्ण समजत नाही, कारण आणीबाणी दोन्हीकडे होती. फार तर उत्तरेसारखी नसबंदीची सक्ती दक्षिणेत झाली नव्हती एवढं म्हणता येईल. मला यातला खरा फरक तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री देवराज अरस यांच्या भूमिसुधारणेत दिसतो. १ मार्च १९७४ पासून कर्नाटकात सुधारित कायदा लागू झाला. कुळानं फॉर्म नंबर सात भरायचा, तालुक्याच्या भूमी न्यायमंडळापुढे जायचं आणि कसत असलेल्या जमिनीचा हक्क मागायचा. याचा मोठा लाभ किनारपट्टीच्या जिल्ह्यांना झाला, हैदराबाद-कर्नाटकाला तितका नाही, हे खरं. तरी सरकार गरिबाला काही देऊ पाहतं हे गावात दिसत होतं. हातात सात नंबरचा फॉर्म घेऊन बाकावर बसलेल्या माणसाला 'हे सरकार तुझं सगळं काढून घेईल' हे सांगणं अवघड असतं. तो म्हणतो, आता तर द्यायला लागलंय.

म्हणजे भीती लागायला आधी माणसाच्या हातात काही असावं लागतं. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला गमावण्याचं भय कसलं? 'गरीब म्हणून घाबरतो' हे निदान मला इथेच उलटं वाटतं. गरीब घाबरू लागतो तेव्हा त्याच्या ट्रंकेत काहीतरी आलेलं असतं.

बीदर-गुलबर्ग्याच्या ट्रंकेत काय आलं, ते पुण्या-मुंबईच्या विश्लेषकाला सहसा ठाऊक नसतं. 'संविधान धोक्यात' हे शब्द ऐकले की त्याच्या डोळ्यांपुढे निळा कोट, हातातला ग्रंथ आणि आरक्षण येतं. तेही आहेच, दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित जाती लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहेत, आणि गुलबर्ग्याच्या बाहेरचा बुद्धविहार पाहिला की आंबेडकरी समाजाची तिथली ताकद कळते. पण या भागात संविधानाला एक क्रमांकही आहे. अनुच्छेद ३७१ जे. निजामाच्या राज्यातून आलेल्या या जिल्ह्यांना खास दर्जा द्यावा ही मागणी वर्षानुवर्षं चालली, वाजपेयी सरकारच्या काळात नाकारली गेली, आणि डिसेंबर २०१२ मध्ये संसदेनं ९८वी घटनादुरुस्ती करून ती मान्य केली. खर्गे तेव्हा केंद्रात मंत्री होते. त्यातून या भागासाठी वेगळं विकास मंडळ आलं, सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा आल्या, आणि भागातल्या शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा इथल्या मुलांसाठी ठेवल्या गेल्या. त्यासाठी एक दाखला काढावा लागतो. आत्याच्या नातवाला गुलबर्ग्याला इंजिनिअरिंगची जागा त्याच दाखल्यावर मिळाली. तिच्या घरात लोखंडी पेटीत तीन कागद आहेत: शेताची पहाणी, रेशनकार्ड, आणि नातवाचा तो दाखला.

आता मार्च २०२४ आठवा. कर्नाटकातलेच भाजपचे खासदार अनंतकुमार हेगडे म्हणाले, की घटनेत बदल करायचा तर मोठं बहुमत हवं, चारशे पार हवं. पक्षानं ते वैयक्तिक मत म्हणून झटकलं, पुढे त्यांना उमेदवारीही दिली नाही. ३७१ जे काढणार असं तर कुणीच म्हटलं नव्हतं. काँग्रेसच्या प्रचारात याबाबत अतिशयोक्ती झाली, हे मी लपवत नाही. पण आत्याच्या पेटीतला कागद घटनादुरुस्तीनंच आला होता. जे दोन तृतीयांशानं येतं ते दोन तृतीयांशानं जाऊही शकतं, एवढा हिशेब करायला वकील लागत नाही. मुंबईच्या स्टुडिओत ज्याला नॅरेटिव्ह म्हणतात, त्याला भालकीत पेटीचं कुलूप बघून घेणं म्हणतात.

बरं, या माणसांना केवळ भयानं हाकलत नेता येतं असं मानलं, तर आकडे जुळत नाहीत. मे २०२३ च्या विधानसभेत काँग्रेसनं राज्यात १३५ जागा जिंकल्या, पण बीदर जिल्ह्यातल्या सहापैकी चार भाजपनं घेतल्या. शेजारच्या गुलबर्ग्यात नऊपैकी सात काँग्रेसकडे. वर्षभरानं, ७ मे २०२४ च्या मतदानात, त्याच बीदरनं दोन वेळा निवडून दिलेले केंद्रीय राज्यमंत्री भगवंत खुबा यांना सव्वा लाखाहून अधिक मतांनी पाडून सव्विशीतल्या सागर खंड्रे यांना पाठवलं. गुलबर्ग्यानं तर २०१९ साली खुद्द खर्ग्यांना ९५ हजारांवर मतांनी हरवलं होतं, त्यांच्या आयुष्यातला पहिला पराभव. २०२४ मध्ये त्यांचे जावई राधाकृष्ण दोड्डमणी निवडून आले, पण फरक २७ हजारांचा. त्या प्रचारात अफझलपूरच्या सभेत खर्गे म्हणाले होते, की मत नाही दिलंत तरी माझ्या मातीला तरी या. ही काही भीती नव्हे, म्हाताऱ्याचा रुसवा आहे. पण असं बोलावं लागतं यातच दिसतं, की घाबरवून इथलं मत घरी चालत येत नाही हे त्या मुरब्बी माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडेही तेच. लोकसभेत संविधानाच्या भयानं महाराष्ट्र हलला म्हणतात, मग सहा महिन्यांत ते भय गेलं कुठे? नोव्हेंबरच्या विधानसभेत महायुतीच्या तीन पक्षांनी २८८ पैकी २३० जागा नेल्या आणि आघाडी ४६ वर आली. सभा त्याच होत्या, हातातलं संविधानाचं लाल पुस्तकही तेच होतं. लाडक्या बहिणीचे पैसे आले होते, हे कारण सगळे सांगतात. दुसरं कमी सांगितलं जातं. भाजप लोकसभेत २४० वर अडकला होता, चारशेची गोष्ट संपली होती. लोकांनी ज्या गोष्टीचं भय घेतलं तिचा बंदोबस्त स्वतःच्या मतानं केला आणि दुसऱ्या निवडणुकीत दुसरा विचार केला. भोळ्या माणसाला हे जमत नाही.

आता विरोधी बाकाची अदलाबदल करू. कर्नाटकात २०२३ पासून भाजप विरोधी पक्ष आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला भीतीचा खरा कच्चा माल मिळाला. विजयपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांना नोटिसा गेल्या, पहाणीच्या अकराव्या रकान्यात वक्फचं नाव चढल्याच्या तक्रारी आल्या. आमच्या सातबाऱ्याला तिकडे पहाणी म्हणतात. पहाणीत दुसऱ्याचं नाव दिसणं म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळतं. बँक पीककर्ज अडवते, मुलीच्या लग्नासाठी एकर विकता येत नाही. विरोधी पक्षानं यावर रान उठवलं ते योग्यच केलं, आणि हे मी काँग्रेसवाल्या मित्रांना तेव्हाही सांगत होतो. ती भीती तपासता येत होती. तलाठ्याकडे, तिकडच्या ग्रामलेखपालाकडे जा, उतारा काढ, अकरावा रकाना बघ. विरोधकांच्या दबावामुळेच सिद्धरामय्या सरकारला नोटिसा मागे घ्यायचे आणि फेरफार रद्द करायचे आदेश द्यावे लागले.

पण तिथे न थांबता हाच विषय रकान्यावरून शेजाऱ्यावर गेला. १३ नोव्हेंबरला तीन पोटनिवडणुका होत्या. त्यांतली शिग्गाव माजी मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांची जागा, उमेदवार त्यांचाच मुलगा, आणि प्रचारात वक्फ. २३ तारखेला निकाल लागला तेव्हा तिन्ही जागा काँग्रेसला, आणि शिग्गावातून यासीर अहमद खान पठाण निवडून आले. पोटनिवडणुकीत सत्ताधाऱ्यांचं पारडं जड असतं, हा आक्षेप मी स्वतःच घेतो. तो वजा केला तरी, वक्फच्या ऐन धुराळ्यात एका मुस्लिम उमेदवाराला मतं देणारा शेतकरी घाबरलेला म्हणायचा की काय म्हणायचा? त्यानंतर दोनच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, बसनगौडा पाटील यत्नाळ यांच्या गटानं वक्फविरोधी मोहिमेची सुरुवात आमच्या बीदरहून केली. त्यांच्याच पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांशी त्यांचं जमत नव्हतं, पुढच्या मार्चमध्ये ते पक्षाबाहेर गेले. भीतीचं भांडवल असलं तरी धंदा चालतोच असं नाही.

ही गोष्ट मी इतकी सविस्तर सांगतो, कारण मला भीतीचे दोन प्रकार वेगळे दिसतात. एक भीती सत्तेची: माझा उतारा, माझं नाव, माझा दाखला, माझी जागा, यांचं कार्यालयात बसलेला माणूस काय करील? दुसरी भीती शेजाऱ्याची: पलीकडच्या गल्लीत राहणारा माझं काय करील? पहिली उठवणं हे विरोधी पक्षाचं काम आहे, किंबहुना त्याला लोक पगार देतात तो त्यासाठीच. न्यायाच्या भाषेत बोलायचं तर विरोधी पक्ष हाच लोकशाहीतला पूर्वपक्ष. शंका काढणं त्याच्याकडे, निरसन सिद्धान्त मांडणाऱ्याकडे. शंका काढल्याबद्दल पूर्वपक्षाला खोटारडा म्हणायचं नसतं, तिचं निरसन करायचं असतं.

पहिल्या भीतीचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण गुलबर्गा जिल्ह्यातलंच, आळंदचं. हे आळंद म्हणजे वारकऱ्यांना तुकोबांच्या गुरुपरंपरेतल्या राघवचैतन्यांमुळे माहीत असलेलं गाव. २०२२ च्या डिसेंबरपासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत या मतदारसंघात नावं वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. मतदारयादीतून नाव काढायचा हा अर्जही, योगायोग बघा, फॉर्म नंबर सात. १९७४ साली ज्या सात नंबरनं कुळाला जमीन मागता येत होती, त्याच नंबरच्या दुसऱ्या फॉर्मनं पन्नास वर्षांनी त्याच्या नातवाचं मत काढायचा घाट घातला गेला. बूथ पातळीवरच्या एका महिला अधिकाऱ्याच्या ध्यानात आलं, की आपल्याच काकांचं नाव कुणीतरी वगळायला दिलंय. ज्याच्या नावानं अर्ज होता त्या शेजाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. तपासणी झाली. ६,०१८ पैकी २४ अर्ज खरे निघाले, ५,९९४ नामंजूर झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक अधिकाऱ्यांनीच पोलिसांत गुन्हा नोंदवला.

१८ सप्टेंबर २०२५ रोजी राहुल गांधींनी दिल्लीत हे प्रकरण काढलं तेव्हा आपल्याकडच्या शहाण्यांचं उत्तर ठरलेलं होतं: नावं वगळली गेलीच नाहीत, आणि तिथे काँग्रेसचेच बी. आर. पाटील दहा हजारांवर मतांनी जिंकले, मग भीती कसली घालता? हा युक्तिवाद मला अजब वाटतो. कडी लावली होती म्हणून चोर आत आला नाही. तेव्हा चोर नव्हताच, आणि कडी लावणारा भित्रा? आळंदमध्ये एक बाई घाबरली, तिनं यादी पाहिली, म्हणून पाच हजारांवर नावं वाचली. भयानं इथे माणसाला पांगळं केलं नाही, यादी उघडायला लावली.

पण हाच विषय आळंद सोडून देशभर निघाला तेव्हा त्याचा पत्ता हरवत गेला, हेही सांगायला हवं. प्रत्येक पराभवाला 'चोरी' हे नाव देता येऊ लागलं. बिहारमध्ये ऑगस्ट २०२५ ची मतदार अधिकार यात्रा गाजली, आणि नोव्हेंबरात २४३ पैकी २०२ जागा सत्ताधारी आघाडीला गेल्या. ज्याचं नाव यादीत होतं त्यानं यादीत पाहिलं, होतं; पुढचं भाषण त्यानं ऐकून सोडून दिलं. आळंदची भीती टिकली कारण तिला सर्व्हे नंबर होता.

दुसऱ्या भीतीबद्दल मी ठाम आहे. तिला सर्व्हे नंबर नसतो, आणि ती आमच्या मुलुखात पूर्वी काय करून गेली आहे ते आम्हाला ठाऊक आहे. गोरटा सगळ्यांना सांगितलं जातं. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलीस कारवाईनंतर काय झालं ते कमी सांगितलं जातं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. मारले गेलेले मुख्यतः मुसलमान होते. तो अहवाल कितीतरी वर्षं दडवून ठेवला गेला. मे महिन्यातलं भय आणि सप्टेंबरातलं भय एकाच गावात, कधी एकाच गल्लीत, समोरासमोरच्या घरांत राहतं. त्याला कुणी नव्यानं रचायची गरज नाही. ते बाहेर काढायचं की नाही एवढाच प्रश्न असतो. इथे वक्ता सत्तेतला की विरोधातला यानं काही फरक पडत नाही.

आणि सकारात्मक प्रचार हा उतारा, त्याचं काय? २०२३ च्या काँग्रेसनं तो केला की. महिना दोन हजार रुपयांची गृहलक्ष्मी, बायकांना मोफत बस, दोनशे युनिट वीज. निवडून आल्यावर दिलंही. मग २०२४ मध्ये प्रत्येक सभेत तेच पुढे आलं: आम्ही गेलो तर हे बंद होईल. सकारात्मकाच्या पोटातून भय असं सहज बाहेर येतं. दोन्ही वेगळी करणारी चाळणी कुणाकडे असली तर मला पाहायची आहे.

बेदरच्या, म्हणजे याच बीदरच्या, बादशहाची आपल्या मनातली गोष्ट दामाजीपंतांची. दुष्काळात पंतांनी कोठार लुटवलं, बादशहाचं बोलावणं आलं, आणि तिकडे विठू महारानं रक्कम भरून टाकली. कीर्तनकार चमत्कारावर रंगतात. मला त्या कथेत नेहमी आवडतं ते हे, की देवानंही पैसे भरून पावती घेतली आणि ती पंतांच्या पोथीत आणून ठेवली. बादशाही अमलाचं भय कशानं निवतं हे ज्यानं ही कथा रचली त्याला चांगलं माहीत होतं.

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. पेटी उघडी होती, नातवाचा दाखला कुठल्याशा अर्जाला लावायचा होता. मी सहज म्हणालो, तुमचं बरं आहे, घटनेत नाव आहे तुमच्या भागाचं. ती म्हणाली, "तुमच्याकडं न्हाई का असलं?" आहे, मी म्हणालो, ३७१ चं दुसरं कलम, मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ होतं, १९९४ पासून. "होतं म्हंजे?" म्हणजे ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. मंत्रिमंडळानं मागे एकदा पुन्हा स्थापायचं ठरवलं, विधिमंडळात बोलाचाली झाली. गावात कुणाला पत्ता नाही.

आत्यानं दाखला घडी करून परत ठेवला. "आन तुमच्या विरोधी पार्टीनं," ती म्हणाली, "कुणी तुम्हाला भेव घातलं न्हाई?"